४८/३२ चेनरिंग: काही महिने चालवून झाल्यावर

सुटे भाग जमवून रोड बाइक जोडायची ठरली की फ्रेम, चाकं, टायर यांच्यावर रात्र-रात्र खल होतो आणि चेनरिंगचं (पायडलजवळच्या दातेरी चकत्यांचं; ५०/३४ म्हणजे ५० आणि ३४ दात्यांची जोडी) मात्र ‘५०/३४ टाक, दम असेल तर ५२/३६’ एवढ्यावर उरकतं. मी ४८/३२ टाकली. मागे ११-स्पीडची ११-३० कॅसेट (मागच्या चाकावरच्या ११ दातेरी चकत्यांचा, म्हणजे कॉगचा, संच; सगळ्यात लहान ११ दात्यांचा, मोठा ३० चा), टायर २८ मिमीचे. पहिली चेन आता बदलायला आली आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

निवडताना बहुतेक जण दोन टोकं बघतात: उतारावर किती पळेल आणि सगळ्यात अवघड चढ निघेल का. माझा हिशोब मधल्या वेगाचा होता. सपाट रस्त्यावर एकटा असताना मी ताशी २५ ते ३० किमीने जातो आणि पायडल मिनिटाला ८५ च्या आसपास फिरतं, यालाच केडन्स म्हणतात. चाकाचा घेर साधारण २.१४ मीटर. ४८ च्या रिंगवर या केडन्सला १७ दात्यांचा कॉग जवळपास ३१ चा वेग देतो, १९ चा साडेसत्तावीस, २१ चा २५. कॅसेटमध्ये १५ नंतर १७, १९, २१, २४, २७, ३० असे कॉग येतात. म्हणजे रोजचं काम कॅसेटच्या मधोमध होतं, चेन जवळजवळ सरळ चालते. ५२ ची रिंग असती तर तेच काम १९, २१, २४ वर गेलं असतं. समोरून वारा सुटून वेग २१ वर आला की २७ चा कॉग, चेन तिरकी, मग पुढची रिंग खाली टाका, पाच मिनिटांनी पुन्हा वर.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त सुख याचंच मिळालं. लहानसहान चढ मोठ्या रिंगवरच निघून जातात, पुढची रिंग बदलणाऱ्या डाव्या शिफ्टरला हात क्वचित लागतो. खऱ्या चढावर ३२ ला ३० लावून ताशी ८ किमीने चढताना पाय मिनिटाला ५८ फेरे मारतात. ३६ ची रिंग असती तर ५२ वर आले असते. कागदावर सहा फेऱ्यांचा फरक, पण अर्ध्या तासाच्या चढाला गुडघे तो बरोबर मोजतात.

वरच्या टोकाचं म्हणाल तर ४८ ला ११ म्हणजे ९० च्या केडन्सला ताशी ५० किमी, १०० ला ५६. ५२ च्या रिंगवर १०० ला साठ-एकसष्ट मिळतात. त्यापुढे मी तसाही पायडल थांबवून हँडलबारवर वाकतो. पण जो शर्यती करतो, किंवा तगड्या ग्रुपमध्ये पाठीवर वारा घेऊन पळतो, त्याने ही जोडी घेऊ नये. पळायला पाय असतील आणि गिअर संपला असेल तर चिडचिडच होणार.

आता खटकलेलं. ५०/३४, ५२/३६ आणि ४८/३२ या तिन्हींत फरक १६ दात्यांचाच, म्हणून पुढचा डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग) तिन्ही सारख्याच सांभाळतो. पायांना मात्र दाते कळत नाहीत, गुणोत्तर कळतं. ९० च्या केडन्सवरून लहान रिंगवर उतरलात तर तोच वेग ठेवायला ५२/३६ वर १३० फेरे लागतात, ४८/३२ वर १३५. जुन्या ५३/३९ वर १२२ च लागायचे. त्यामुळे पुढची रिंग खाली टाकताना मागे लगेच दोन-तीन कॉग लहान करावे लागतात, नाहीतर पाय क्षणभर हवेत फिरल्यासारखे होतात. सवय होते, पण आवडत नाही. ज्याच्या रस्त्यावर सारखे चढउतार आहेत त्याला हे माझ्यापेक्षा जास्त टोचेल.

जोडणीतही थोडं डोकं लागतं. ११० बीसीडीच्या क्रँकवर (पायडलचे दांडे; त्यावर रिंगचे बोल्ट ११० मिमी व्यासाच्या वर्तुळात बसतात) साधारणपणे ३४ पेक्षा लहान रिंग बसत नाही, फार तर ३३. म्हणून नुसत्या रिंगा बदलून भागत नाही, अख्खा क्रँकसेट घ्यावा लागतो. एका दातामागे रिंगची त्रिज्या जेमतेम २ मिमीने बदलते, म्हणजे ५२ वरून ४८ वर येताना पुढचा डिरेलर ८ मिमी खाली यायला हवा. फ्रेमच्या नळीला पट्ट्याने आवळायचा, क्लॅम्पवाला असेल तर प्रश्न नाही. ब्रेझ-ऑन, म्हणजे फ्रेमवरच्या पक्क्या जोडावर बसणारा, असेल तर खाच तेवढी खाली पोचते का ते फ्रेमवर मोजूनच पैसे मोजा. चेनही दोन कड्यांनी आखूड करावी लागते. मागच्या डिरेलरचं गणित, म्हणजे एकूण किती दात्यांच्या फरकाची ढिली चेन तो ओढून धरतो ते, मात्र सोपं आहे: पुढे १६ चा फरक, मागे १९ चा, बेरीज ३५. शिमानो १०५ आर७००० च्या शॉर्ट केज (आखूड पिंजऱ्याच्या) डिरेलरची क्षमता नेमकी तेवढीच.

एक भाबडा युक्तिवाद सारखा कानावर येतो: ‘प्रो लोकसुद्धा ४८ वापरतात.’ स्रॅम कंपनीच्या एएक्सएस या इलेक्ट्रॉनिक गिअरसंचात ४८/३५ आहे खरी, पण तिथे कॅसेट १० पासून सुरू होते. ४८ भागिले १० म्हणजे ४.८, जुन्या ५३ ला ११ चं गुणोत्तर ४.८२. नुसता रिंगचा आकडा बघून तुलना करू नका.

झिजेचं म्हणाल तर तेवढीच ताकद लावली तरी लहान रिंगवर चेनला ताण जास्त बसतो, दाते कमी असल्याने भारही कमी दात्यांवर विभागला जातो. ३२ ची रिंग ४८ च्या आधी जाणार हे धरून चला.

११ चा कॉग मात्र अजून नवाकोरा दिसतो. म्हणून पुढची कॅसेट १२-२५ घ्यायचा विचार आहे. ३२ ला २५ म्हणजे १.२८, जे ३६ ला २८ लावून मिळतं जवळपास तेच. बदल्यात १२ पासून १९ पर्यंत एकेका दाताची पायरी मिळते. मोठे चढ असतील त्या दिवसांसाठी ११-३० ठेवूनच देणार आहे.