रांजणातली अळी ओळखायला घेतलेलं भिंग

मागच्या भादव्यात धाकट्याला हिवताप झाला. थंडी वाजून ताप, मग घामाघूम, परत एक दिवसाआड तेच. तेव्हाच ठरवलं, आपल्या पाण्यात काय वळवळतंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. संभाजीनगरच्या बाजारातून घडीचं भिंग आणलं. 160 रुपये, वर लोखंडी खोळ, कडेला बारका दिवा.

आधी खोट सांगते. खोळीवर ‘30 पट’ असं कोरलंय, ते खरं नाही. आमच्या शाळेतल्या दहापट भिंगाशेजारी धरलं तर दोन्हीत अळी तेवढीच दिसते. दुकानदाराने घेताना छातीठोकपणे तीसच सांगितलं होतं, त्याचं वाईट वाटलं. दिव्याचे सेलही महिन्याभरात गेले. पण डास ओळखायला दहा पट पुरतं आणि काच मात्र स्वच्छ आहे, कडेला रंग फुटत नाहीत.

परभणीत आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो. रांजण, ड्रम, हौद, गच्चीवरची टाकी, सगळं भरून ठेवावं लागतं. उबदार दिवसांत अंड्यापासून डास व्हायलाही आठ-दहा दिवसच लागतात. नळाची पाळी आणि डासाची पाळी जुळते ती अशी.

रांजणातलं वाटीभर पाणी पांढऱ्या बशीत घेतलं. दोन अळ्या पाण्याला समांतर, पृष्ठभागाला चिकटल्यासारख्या आडव्या पडलेल्या. ही अ‍ॅनॉफिलीसची, म्हणजे हिवताप पसरवणाऱ्या डासाची खूण. तिला श्वासाची नळी नसते, म्हणून ती अशी पडून राहते. क्युलेक्स आणि एडिस या दुसऱ्या डासांच्या अळ्यांना शेपटाकडे नळी असते, त्या डोकं खाली करून लटकतात. भिंग जवळ नेलं तर एका अळीने अख्खं डोकं गर्रकन उलटं फिरवलं, अंग मात्र जागचं हललं नाही! तोंडाजवळचे केस पंख्यासारखे हलवत ती वरचा तवंग खात होती. मी वर्गात हे कितीदा शिकवलं असेल, पण दिसलं त्या दिवशी.

शेजारच्या मावशींना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, “आमचं पाणी तं प्यायचं हाय ओ बाई, नालीतलं नाही!” तेच तर सांगायचंय. नालीच्या घाण पाण्यात वाढतो तो बहुतेक क्युलेक्स. शहरात हिवताप पसरवणारा अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी टाकी, हौद अशा साठवणीच्या चांगल्या पाण्यातच अंडी घालतो.

त्या अळ्या बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधली. स्वल्पविरामासारखे कोष झाले, मग डास. काचेवर बसताना ढुंगण वर, तिरकी टाचणी रोवल्यागत. क्युलेक्स आडवा बसतो. भिंगातून मादीच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंना सोंडेएवढ्याच लांब मिशा दिसल्या आणि पंखांवर काळे-पांढरे ठिपके. अशाच ठिपकेदार पंखांच्या डासांत 1897 च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरला हिवतापाचे जंतू सापडले. मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता.

या भिंगाकडून याच्यापुढची अपेक्षा करू नका. खेड्यापाड्यांतला मुख्य वाहक अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस हा एक डास नाही. त्यात ए ते ई अशा पाच जुळ्या जाती आहेत, आणि त्यातली बी हिवताप फारशी पसरवत नाही. या जाती डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळेत गुणसूत्रं तपासावी लागतात.

पाचपैकी चार गुण. दिव्याच्या भरवशावर घेऊ नका, उन्हात बघा. मी अजून दोन मागवलीत, एक शाळेला, एक आमच्या आशाताईंना. मावशींनी मंगळवारी रांजण घासून उन्हात पालथा घातला, आणि बशी घेऊन माझ्याकडे ड्रमचं पाणी दाखवायला आल्या.