होंडा बी-सिरीजसाठी कुठला गिअरबॉक्स घ्यावा: एलएस, जीएसआर की बी१६?

बी-सिरीज इंजिनच्या सिव्हिक किंवा इंटेग्रासाठी वापरलेला मॅन्युअल गिअरबॉक्स शोधायला निघालात की एलएस, जीएसआर (दोन्ही इंटेग्राची मॉडेलं) आणि बी१६ (१.६ लिटरचं इंजिन) ही तीन नावं समोर येतात. (सिव्हिकमधला जुना डी-सिरीजचा गिअरबॉक्स बी इंजिनला बसतच नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो.) हायड्रॉलिक क्लचवाल्या तिन्ही बॉक्सचे पहिल्या ते पाचव्या गिअरचे रेशो असे (आकडा मोठा तितका गिअर आखूड, म्हणजे त्याच वेगाला आरपीएम जास्त; फायनल ड्राइव्ह म्हणजे सगळ्या गिअरना लागू होणारा शेवटचा रेशो):

एलएस: ३.२३० – १.९०० – १.२६९ – ०.९६६ – ०.७१४, फायनल ड्राइव्ह ४.२६६
जीएसआर: ३.२३० – १.९०० – १.३६० – १.०३४ – ०.७८७, फायनल ड्राइव्ह ४.४००
बी१६: ३.२३० – २.१०५ – १.४५८ – १.१०७ – ०.८४८, फायनल ड्राइव्ह ४.४००

पहिला गिअर तिघांचा एकच. खरी निवड दुसऱ्या गिअरवर ठरते, आणि तीही इंजिन कुठलं आहे ते पाहून.

समजा ८,००० आरपीएमला पहिल्यावरून दुसरा टाकला. एलएस आणि जीएसआरमध्ये काटा साधारण ४,७०० वर येतो, बी१६मध्ये ५,२०० वर. जीएसआरच्या १.८ लिटर इंजिनात व्हीटेकचा (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) मोठा कॅम ४,४०० लाच लागतो, म्हणजे ४,७०० ला इंजिन जोरातच असतं. त्या इंजिनाला तो लांब दुसरा गिअर शोभतो. हाच बॉक्स १.६ लिटरच्या बी१६ला लावला की गडबड होते. त्याचं व्हीटेक साधारण ५,५०० ला लागतं, त्यामुळे दुसरा टाकल्यावर सुमारे ८०० आरपीएम नुसती वाट बघायची. स्वतःच्या बॉक्सवर ही वाट ३०० च्या आसपास उरते. ‘जीएसआरचा बॉक्स मोठ्या इंजिनाचा, म्हणून चांगला’ हे ऐकून बी१६वाल्यांनी हुरळून जाऊ नये.

उलट दिशेनेही तेच. एलएसचं इंजिन बिनव्हीटेकचं, ६,८०० च्या आसपास थांबणारं. त्याला बी१६चा बॉक्स लावला तर गाडी चपळ होते यात शंका नाही. पण १९५/५५ आर१५ टायरवर दुसरा गिअर ताशी ८० किलोमीटरलाच संपतो. मूळ बॉक्सवर तो ९० पार करतो. वळणावळणाच्या रस्त्यावर नेमका नको तिथे तिसरा टाकावा लागला की हा फरक कळतो.

आता हायवे. त्याच टायरवर १०० च्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये एलएस साधारण २,८०० वर फिरतो, जीएसआर ३,२०० च्या जरा खाली, बी१६ ३,४०० वर. आकडे वाचताना फरक किरकोळ वाटतो, पण लांबच्या प्रवासात, तेही आवाजी एक्झॉस्ट लावला असेल तर, कान दुखतात. म्हणून बी१६च्या बॉक्समध्ये फक्त पाचवा गिअर एलएसचा बसवण्याची पद्धत जुनी आहे. आरपीएम २,९०० च्या आत येतात आणि खालचे चार गिअर जसेच्या तसे राहतात. मात्र चौथ्यावरून पाचव्यात मोठी दरी पडते. रोज चालवायच्या गाडीला माझं मत याच जोडणीला. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी यात पडू नये.

टर्बो लावायचा बेत असेल तर एलएस घ्या. ताकद भरपूर असताना आखूड गिअरचा उपयोग फक्त पुढची चाकं जागच्या जागी फिरवायला होतो.

टाइप आर या होंडाच्या जोरदार आवृत्तीच्या बॉक्सची किंमत चढते ती मुख्यतः हेलिकल एलएसडीमुळे (एकच चाक नुसतं फिरू न देणारा डिफरन्शियल). वळणातून बाहेर पडताना तो आतल्या चाकाची उधळपट्टी थांबवतो. आतलं चाक हवेत गेलं की मात्र त्याचं फारसं चालत नाही. जपानी इंटेग्रा टाइप आरच्या १९९८च्या आवृत्तीत फायनल ड्राइव्ह ४.७८५ आहे. हायवे महत्त्वाचा असेल तर तिकडे बघू नका.

घेताना आधी क्लच पाहा. १९९१पर्यंतच्या सिव्हिकला आणि १९९३पर्यंतच्या इंटेग्राला केबलचा क्लच आहे, नंतरच्यांना हायड्रॉलिक. जात बदलायची तर जोडणीचं सामान वेगळं घ्यावं लागतं, आणि कामही वाढतं.

बॉक्स अजून गाडीत असेल तर न्यूट्रलमध्ये आयडलवर ऐका. घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्या. वरच्या आरपीएमला तिसरा टाकताना खर्र झालं तर सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) गेलेला. असा टाइप आर घेण्यापेक्षा धडधाकट एलएस केव्हाही बरा.

बॉक्स खाली काढलेला असेल तर विकणाऱ्याच्या शब्दावर किंवा केसवरच्या कोडवर विसंबू नका; एस८० हा कोड एलएसवरही सापडतो आणि टाइप आरवरही. पाचवा गिअर टाका, ड्राइव्हशाफ्टची एक बाजू घट्ट धरा आणि दुसरी दोन पूर्ण फेरे फिरवा. तेवढ्यात इनपुट शाफ्ट तीनला किंचित ओलांडून थांबला तर एलएस, साडेतीनच्या जवळ गेला तर जीएसआर, पावणेचारला टेकला तर बी१६ किंवा टाइप आर. इनपुट शाफ्टवर आधी खडूने एक खूण करून घ्या, म्हणजे मोजताना वाद होत नाही.