कागदावर कप्तान मीच होतो

आम्ही स्किपरसकट, म्हणजे चालवणाऱ्या माणसासकट, बोट भाड्याने घेतली होती. निदान आमची तशी समजूत होती. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं: स्किपर समाविष्ट, अनुभवाची गरज नाही. बायको, दोन मुलं, मेहुणा आणि मी. शिडाच्या बोटीवर आठवडा काढायचा, दोर कोणी ओढायचे ते स्किपर सांगेल, एवढाच आमचा बेत.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण फसवणूक नेमकी बोट भाड्याने घेण्याच्या या प्रकारांच्या फटीत झाली. बेअरबोट म्हणजे रिकामी बोट तुमच्या ताब्यात. चालवायची तुम्ही, जबाबदारीही तुमची. त्यासाठी बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्र किंवा अनुभवाचा दाखला मागतात. युरोपात अनेक देशांत आयसीसी, म्हणजे बोट चालवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, लागतं. फ्लोटिला हीसुद्धा बेअरबोटच, फक्त अनेक बोटी मिळून जातात आणि पुढे जाणकारांची एक बोट असते. स्किपर्डमध्ये चालवणारा माणूस येतो. क्रूडमध्ये स्वयंपाकी-खलाशीही येतात, आणि मोठ्या बोटींवर खाणंपिणं, डिझेल, बंदराचं शुल्क यासाठी भाड्याच्या २५ ते ३५ टक्के रक्कम वेगळी आगाऊ द्यावी लागते (भाडं बघून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा). केबिन चार्टरमध्ये (चार्टर म्हणजे बोट भाड्याने घेणं) एक खोली तुमची, बाकी बोट इतरांबरोबर वाटून.

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मुलं भुकेली, बॅगा धक्क्यावर पडलेल्या, आणि बोट देणाऱ्या माणसाने चौदा पानं पुढे केली. पहिल्याच पानावर ‘बेअरबोट करार’. मी विचारलं, "आम्ही तर स्किपर घेतलाय ना?" तो म्हणाला, "फॉर्म सगळ्यांना तोच असतो हो." मी सही केली. सोबत एक छोटी चिठ्ठी होती, तिच्यावरही केली. स्किपर मी स्वतंत्रपणे नेमला आहे, असं तिच्यात लिहिलं होतं. हे मी वाचलं ते परत आल्यावर.

बोट ताब्यात देताना ताटल्या मोजल्या, लाइफ जॅकेट मोजली, स्वयंपाकाचा गॅस दाखवला. बोटीचा तळ ना त्यांनी दाखवला, ना मी मागितला.

तिसऱ्या दिवशी ओहोटीला स्किपरने दोन बेटांमधून जवळची वाट धरली आणि खालून दणका बसला. बोट थांबली. त्याने इंजिन उलटं चालवून ती सोडवली आणि म्हणाला, "वाळू आहे, काही होत नाही." आम्हीही विश्वास ठेवला, कारण बोटीत पाणी शिरलं नव्हतं.

परत आलो तेव्हा पाणबुड्या तयारच होता. पाच मिनिटांत वर आला आणि फोनवर फोटो दाखवला. कीलच्या, म्हणजे तळाला असलेल्या जड पात्याच्या, पुढच्या टोकाला रंग उडालेला, आतला धातू उघडा. त्यांनी अख्खं डिपॉझिट ठेवून घेतलं. बोट स्किपरने घासली, असं मी म्हणालो. उत्तर आलं, "स्किपर तुमचा. सही तुमचीच आहे." डिपॉझिट जाऊ नये म्हणून मी वेगळे पैसे भरून माफीचा विमाही घेतला होता. त्यात कील, सुकाणू आणि डिंगीचं, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीचं, इंजिन बारीक अक्षरात वगळलेलं. म्हणजे नवख्याच्या हातून ज्या गोष्टींना धक्का लागतो, नेमक्या त्याच.

घरी आल्यावर तो फोटो मोठा करून पाहिला. उघड्या धातूवर पांढरे कवचाचे ठिपके चिकटले होते. बार्नाकल, म्हणजे समुद्रात कशालाही चिकटून वाढणारे कवचाचे जीव. तळाला जो खास रंग देतात तो यांना चिकटू देत नाही. रंग गेला की तिथेच ते आधी येतात. पण चार दिवसांत एवढे मोठे होत नाहीत. घासलेली जागा आमच्या आधीची होती. आमच्या दणक्याने तिथे भर पडली असेल किंवा नसेल, पण त्या एका ओरखड्यावर आमच्या आधी किती जणांचं डिपॉझिट गेलं असेल कोण जाणे.

फोटो पाठवला, उत्तर नाही. कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली. त्यांनी विचारलं, बोट ताब्यात घेताना तळाची स्थिती काय होती याचा कागद आहे का? माझ्याकडे ताटल्यांची यादी होती.

पैशापेक्षा वाईट गोष्ट मला नंतर कळली. पैसे घेऊन माणसं नेण्यासाठी बोटीची नोंदणी आणि विमा व्यावसायिक लागतो. तो खर्च चुकवायचा म्हणून काही मालक कागदावर बेअरबोट दाखवतात आणि माणूस आपलाच बसवतात. अमेरिकेत तटरक्षक दल अशा बोटी बेकायदा चार्टर म्हणून पकडतं. खऱ्या बेअरबोटमध्ये स्किपर निवडण्याची मुभा भाडेकरूला असली पाहिजे, असा तिथला नियम आहे. आम्हाला निवडायला कोणी सांगितलं नव्हतं, तो आधीच बोटीवर बसून सिगारेट ओढत होता. त्या आठवड्यात मुलांपैकी कोणी पडून जखमी झालं असतं, तर कागदावर कप्तान मी. मला शीड उलगडतासुद्धा येत नाही.

आता मी करार आधी मागवतो, धक्क्यावर पहिल्यांदा बघत नाही. विम्याची प्रत मागतो. मास्क लावून स्वतः बोटीखाली जातो, फोटो काढतो, आणि जुने ओरखडे त्यांच्या सहीने लिहून घेतो. हसतात, हसू देत. आणि एक प्रश्न लेखी विचारतो: स्किपर तुमचा नोकर आहे का, आणि त्याच्या चुकीचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून जातात का? स्किपर असूनही डिपॉझिट घेणाऱ्या प्रामाणिक कंपन्या पुष्कळ आहेत, त्यामुळे नुसतं डिपॉझिट मागितलं म्हणून घाबरू नका. उत्तर काय येतं ते बघा.

यंदा तिघांना विचारलं. एकाने दोन ओळींत स्वच्छ लिहून दिलं, तिथे बुकिंग केलं. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने लिहिलं, काळजी करू नका, फॉर्म सगळ्यांना तोच असतो.