क्रेनच्या रिमोटला पेन्सिल सेल की पॅक?

ईओटी क्रेनचा (शेडमध्ये वर रुळांवर चालणाऱ्या विजेच्या क्रेनचा) रेडिओ रिमोट घेताना एक प्रश्न हटकून येतो: चार्जिंगचे पेन्सिल सेल टाकायचे, की कंपनीचा चार्जिंगचा बॅटरी पॅकवाला घ्यायचा? भोसरीतल्या आमच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये दोन्ही वापरून झालेत, त्यावरून लिहितोय. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

पेन्सिल सेलची बाजू तशी भक्कम आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, रात्रपाळीत अडलंच तर साधे, चार्ज न होणारे अल्कलाइन टाकून काम निघतं. पॅक महाग, आणि मॉडेल बंद झालं की शोधाशोध. शिवाय २००५ मध्ये सान्योचे एनेलूप आले, तेव्हापासून पडून राहिले तरी फारसे न उतरणारे निकेल मेटल हायड्राइड सेल मिळतात. दिवाळीच्या सुट्टीनंतरही त्यांत जीव असतो.

माझं घोडं अडलं ते जोडीपाशी. सुटा सेल शॉपमध्ये जोडीने राहतच नाही. एक हजेरीच्या टाइम-ऑफिसमधल्या घड्याळात जातो, एक कुणाच्या टॉर्चमध्ये, आणि रिमोटमध्ये जुना-नवा एकत्र येतो. मग थकलेला आणि ताजा बैल एका जुवाला! थकलेला आधी रिकामा होतो, ताजा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, रिकामा सेल उलटा चार्ज होतो आणि बाद होतो. त्यात हे सेल शेवटपर्यंत साधारण १.२ व्होल्ट धरून ठेवतात आणि मग एकदम कोसळतात, त्यामुळे सेल उतरल्याचा लाल दिवा लागतो तोही उशिरा. रिमोटचा सिग्नल तुटला की क्रेनवरचा रिसीव्हर मेन कॉन्टॅक्टर (क्रेनची वीज तोडणारा मुख्य स्विच) पाडतो, क्रेन जागीच थांबते. सुरक्षेच्या दृष्टीने तेच बरोबर. पण प्लेट शेडच्या मधल्या गाळ्यात (बेमध्ये) लटकलेली, खालचं काम बंद, आणि ऑपरेटर सेल शोधत फिरतोय. शिवाय सेलच्या खोक्यात मिसळलेला अल्कलाइन कुणी चार्जरला लावला तर तो गळतो, फुटूही शकतो.

पॅकमध्ये हा घोळ उरत नाही. दोन पॅक ठेवायचे, एक रिमोटमध्ये, एक चार्जरवर, शिफ्ट बदलली की अदलाबदल. काळजी घ्यायची ती चार्जरच्या जागेची. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली पॅक नीट भरत नाही, तापलेला तर नाहीच नाही. आधी निवू द्यावा. ग्राइंडिंगची लोखंडी धूळही कॉन्टॅक्टवर बसते. आमचा चार्जर म्हणूनच स्टोअरमध्ये आहे. कॉन्टॅक्ट कोरड्या फडक्याने पुसावेत, आणि जादा पॅक नट-बोल्टच्या खिशात टाकू नये. शॉर्ट व्हायला तेवढं पुरतं.

लिथियम पॅक असेल तर चार्जर त्याचाच हवा, फुगलेला दिसला की तो वापरातून बाद, आणि बरेच दिवस ठेवायचा तर अर्धा भरून.

आठवड्यातून एक-दोनदाच हुक हलवणाऱ्या छोट्या वर्कशॉपला पेन्सिल सेल कदाचित बरे पडतील. एका संचातल्या सगळ्या सेलवर मार्करने एकच तारीख टाका, म्हणजे जोडी फुटलेली लगेच कळते. दोन शिफ्ट चालत असतील तर मात्र मी पॅककडे झुकेन. आणि दुसरा पॅक पहिल्याच ऑर्डरमध्ये लिहून घ्या. नंतर मागितला की परचेसवाले विचारतात, ‘एक आहे ना?’