बर्डी-महालातली फ्रेमची दुकानं: विकायच्या चित्रासाठी कितपत चालतात?

नागपुरातल्या सीताबर्डी, महाल, इतवारीतल्या फ्रेमवाल्यांचा हात कामाला चांगला बसलेला आहे. 45 अंशांचा काप नेमका, कोपरा बेमालूम जुळलेला, काच पुसून दिलेली आणि साधं काम झटपट हातात. कारागिरीला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. अडचण साहित्याची आहे. या दुकानांचा धंदा देवादिकांच्या तसबिरी, मानपत्रं आणि लग्नाच्या फोटोंवर उभा आहे. तीच पद्धत जलरंगाला लावली की दोन-चार पावसाळ्यांत कागद पिवळा पडतो, फुगतो, बुरशीचे ठिपके दिसू लागतात. तेव्हा गिऱ्हाईक चित्रकाराला फोन करतं, फ्रेमवाल्याला नाही. एकदा चित्र घेतलेला माणूस दुसऱ्यांदा येणं हाच चित्रकाराच्या मिळकतीचा खरा आधार असतो. म्हणून दुकानात ‘नेहमीसारखी फ्रेम करून द्या’ असं म्हणू नये. काय हवं ते कागदावर लिहून न्यावं.

सगळ्यात आधी माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट. दुकानातला साधा माउंट लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं आम्ल हळूहळू चित्राच्या कागदात उतरतं आणि माउंटची तिरपी कापलेली पांढरी कड तपकिरी होते. आम्लमुक्त बोर्ड सगळीकडे मिळतोच असं नाही. तो स्वतः विकत घेऊन द्यावा, दुकानदार कापून देतात. मापं आधीच ठरवली तर खर्च आवाक्यात राहतो. 32 बाय 40 इंचांच्या एका बोर्डातून 16 बाय 20 चे बरोबर चार तुकडे निघतात, वाया काही जात नाही. 22 बाय 30 च्या पूर्ण जलरंग कागदाचा पाव भाग 11 बाय 15 असतो. त्याला चहूबाजूंनी अडीच इंचांचा माउंट दिला की नेमकं 16 बाय 20 होतं. अर्ध्या कागदाला, म्हणजे 15 बाय 22 ला, तेवढाच माउंट दिला तर 20 बाय 27. तसे दोन तुकडे एका बोर्डात बसतात.

चित्र चिकटवण्याच्या बाबतीत मात्र अजिबात तडजोड नको. पाठीला सगळीकडे फेविकॉल फासणं किंवा चारही बाजूंनी सेलोटेप मारणं ही सर्रास चालणारी पद्धत आहे. नागपुरात ती विशेष महागात पडते. मे महिन्यात बाहेर 45 अंशांची कोरडी हवा, घरात वाळ्याच्या कूलरचा ओलावा, पाठोपाठ पावसाळा. यात कागद वर्षभर आखडतो आणि पसरतो. चारही कडांनी जखडलेल्या कागदाला हलायला जागा नसते, म्हणून तो मधोमध फुगतो. टेपचा चिकटा तर कागदात मुरून कायमचा पिवळा डाग पाडतो. योग्य पद्धत स्वस्त आहे: जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ आणि चित्र फक्त वरच्या कडेला टांगलेलं. हे काम घरी करून चित्र माउंटमध्ये बसवूनच दुकानात न्यावं.

काच चित्राला टेकता कामा नये. माउंटच्या जाडीने जलरंगापुरती फट मिळते. पेस्टल किंवा कोळशाच्या चित्राला आत आणखी 5 मिलिमीटरची पट्टी लावून घ्यावी, आणि तिथे अॅक्रिलिक शीट टाळावी, कारण तिच्यातली स्थिर वीज भुकटी ओढून घेते. पाठीला दुकानदार हार्डबोर्ड किंवा एमडीएफ सुचवतात. दोन्हींतून आम्ल सुटतं. पीव्हीसीचा सनबोर्डही नको. चित्रामागे आम्लमुक्त बोर्ड आणि त्यामागे नालीदार पॉलिप्रॉपिलीनची सनपॅक शीट ही जोडी हलकी असते आणि ओलही धरत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावायला सांगाव्यात. तेवढ्याने भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते.

फ्रेमच्या पट्टीचा हिशोब असा: बाहेरच्या मापाचा परिघ अधिक पट्टीच्या रुंदीच्या आठपट. 20 बाय 27 ला इंचभर रुंद पट्टी घेतली तर 94 अधिक 8, म्हणजे 102 इंच लागतात. फायबरची पट्टी साधारण साडेनऊ फुटांची, 114 इंचांची येते, तेव्हा एकीत काम भागतं. माउंट चार इंचांचा केला तर गरज नेमकी 114 वर जाते, कापात जाणारा भाग धरला की पट्टी कमी पडते आणि दुसरी पट्टी अंगावर येते. फायबर लहान कामाला ठीक आहे. काचेसह दोन-अडीच फुटांच्या वर मात्र कोपरे उघडतात, तिथे लाकूडच घ्यावं. वाळवीच्या घरात सागवानाला तोड नाही.

कॅनव्हासला काच लावू नये. तैलचित्राला तर हवा लागतेच, आणि वार्निश सहा महिने ते वर्षभरानंतरच. कॅनव्हास ज्यावर ताणतात ती लाकडी चौकट ठोकून पक्की केलेली असली तर पावसाळ्यात सैल पडलेला कॅनव्हास पुन्हा ताणता येत नाही. म्हणून कोपऱ्यांत पाचरी बसतील अशी चौकट सांगून करून घ्यावी, आणि तीन फुटांपुढे मधला आडवा दांडा घालून घ्यावा. हे काम सगळीकडे होत नाही, सुताराकडून करवून घेतलं तरी चालतं.

प्रदर्शनासाठी प्रत्येक चित्राला वेगळी फ्रेम करणं म्हणजे पैसे अडकवणं. एकाच मापाच्या दहा-बारा फ्रेम करून घ्याव्यात आणि पाठीला खिळ्यांऐवजी फिरवून उघडता येणाऱ्या फिरक्या लावायला सांगाव्यात. यंदा सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात लावलेल्या फ्रेम पुढच्या वर्षी नव्या चित्रांसह मुंबईला जाऊ शकतात. न विकलेली चित्रं माउंटसकट फाइलमध्ये सपाट राहतात, जागाही कमी लागते.

दुकानातून मिळणारं पॅकिंग मात्र कामाचं नाही. अॅक्रिलिक रंग उन्हाळ्यात मऊ पडतो आणि बबल रॅपचे गोल ठसे त्यावर कायमचे उमटतात. रंगाला आधी सिलिकॉन रिलीज पेपर (रंगाला न चिकटणारा कागद), मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन, काचेवर कागदी टेपची फुली, वरून प्लायची पेटी. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्या-मुंबईला पाठवायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये रात्रीचीच गाडी धरावी.