आबांची बारा बोअर दुनळी: आठ महिने वापरल्यावर

आबा गेल्यावर त्यांची दुनळी वारसानं माझ्या परवान्यावर चढली, त्याला आठ महिने झाले. जुनी इंग्लिश बॉक्सलॉक (चापाची यंत्रणा आतल्या पेटीत असलेली), 28 इंची जोडनळ्या, दोन चाप, वजन तीन किलोच्या आसपास. घरात अशी बंदूक असणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितोय.

लहानपणी पन्हाळ्याच्या अंगाला शाळूच्या रानातनं मी आबांच्या मागं फिरलोय. पडलेले तित्तर, लावे हुडकून पिशवीत घालायचं काम माझं. 1972 च्या वन्यजीव कायद्यातही लहान शिकारीला परवान्याची वाट होती, ती 1991 च्या दुरुस्तीनं बंद झाली. आबांनी बंदूक खाली ठेवली ती कायमची, पण दर रविवारी नळ्या पुसणं सोडलं नाही. मला तिची ओढ लागली ती त्या तेलाच्या वासानं. आता ती हौस क्ले शूटिंगवर, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या फोडण्यावर भागते. महिन्यातनं दोनदा पहाटे चारला कोल्हापूर सोडतो आणि रेंज गाठतो. आपल्याकडं नेमबाजी म्हटलं की तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे, म्हणजे रायफल आणि पिस्तूल. शॉटगनवर, म्हणजे छर्र्यांच्या बंदुकीवर बोलायला माणूस मिळणं अवघड, म्हणूनही हे लिहितोय.

पहिला बार काढण्याआधी जाणत्या कारागिराकडनं बंदूक तपासून घ्या. बऱ्याच जुन्या इंग्लिश बंदुका अडीच इंची काडतुसासाठी बनलेल्या असतात. त्यांत 70 मिलिमीटरचं काडतूस बसतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब धोक्याइतका वाढतो. आमच्या नळ्यांखाली बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा (बंदुका दाबाला तपासून शिक्का मारणारी संस्था) पावणेतीन इंचाचा, म्हणजे 70 मिलिमीटरचाच शिक्का निघाला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

पहिले दोन महिने वाईट गेले. 25 पैकी सात-आठ तबकड्या फुटायच्या, गाल सुजायचा. आबा ठेंगणे, दस्ता त्यांच्या मापाचा. शॉटगनला नेम धरायची मागची खाच नसते, तिथं आपला डोळाच असतो. दस्ता आखूड पडला की डोळा रोज वेगळ्या जागी येतो. मागं अर्ध्या इंचाचा रबरी पॅड बसवला आणि त्याच महिन्यात पंधरावर पोचलो.

मग 40 यार्डांवर मोठा कागद लावून दोन्ही नळ्यांचा एकेक बार काढला. 30 इंची वर्तुळ आखून घरी पेन्सिलीनं टिंब करत भोकं मोजली, अख्खी दुपार गेली. साडेसात नंबरच्या 28 ग्रॅम काडतुसात साधारण 350 छर्रे असतात. उजवीचे निम्मे वर्तुळात, डावीचे 240 च्या वर. म्हणजे उजवी नळी पसरट, डावी पुरती आवळलेली. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या; म्हणून जवळची तबकडी पुढच्या चापावर, लांब गेलेली मागच्या. बोट सरकवलं की नळी बदलते, हे सुख दोन चापांचंच.

त्रासही आहेत. ट्रॅप या तबकडी-नेमबाजीच्या प्रकारातल्या बंदुकीपेक्षा ही हलकी, पन्नास बारांनंतर खांदा बोलतो. परवान्यावर काडतुसं मोजकीच मिळतात. आणि आपला पाऊस! जुलैत एकदा भिजून आल्यावर बंदूक तशीच चामडी खोळीत ठेवली. चार दिवसांत दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेला तांबूस ठिपके. चूक सर्वस्वी माझी, चामडं ओल धरून ठेवतं. आता बंदूक तेल लावून कोरड्या फ्लॅनेलमध्ये असते. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तेव्हाही जाड तेलाचा हात देऊनच दिली.

आबा म्हणायचे, "शेपटाकडं बघू नको, चोचीकडं बघ." ते कळायला साठी उलटावी लागली. गेल्या रविवारी तबकडीच्या पुढच्या कडेवर नजर ठेवली, बंदूक आपसूक वळली. पहिली उजव्या नळीनं काळ्या धुरासारखी उडाली, दुसरी पार लांब, डाव्या नळीनं दोन तुकडे. रिकामी काडतुसं काढताना हात थरथरत होते. ती दोन्ही आबांच्या फोटोखाली ठेवलीत.