फोन दारात ठेवून घेणारी अभ्यासिका, विश्रामबाग : सहा महिन्यांचा अनुभव

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेबद्दल लिहितोय. नाव टाकू नका असं तिथल्या सरांनीच सांगितलंय, जागा थोडी आहे म्हणून. पण त्या भागात 'फोन ठेवून घेणारी अभ्यासिका' म्हणून विचारलंत तर कुणीही जिना दाखवेल. मी एसटीत कंडक्टर आहे, सांगली डेपो. आठवड्यातल्या दोन-तीन रात्री मुक्कामी गाडीवर जातात. मुलगी नववीत आहे आणि सप्टेंबरपासून तिथं जाते.

आधी आमच्या घरात काय झालं ते सांगायला हवं. १ ऑगस्टला शाळेत लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची जयंती एकत्र करतात. मुलीनं अण्णाभाऊंवर भाषण केलं. ती लहानपणापासून बोलताना अडखळते, तरी नाव स्वतःहून दिलं होतं. पंधरा दिवस गच्चीवर पाठ करत होती. दुसऱ्याच वाक्यात वाटेगाव आलं, अण्णाभाऊंचं जन्मगाव, आपल्याच जिल्ह्यातलं. तिथं ती 'वा'वर अडकली. चार-पाच वेळा नुसतं "वा, वा, वा". मग शब्द सुटला आणि तिनं भाषण शेवटापर्यंत नेलं. कुणीतरी तेवढाच तुकडा काढून, मागं टाळ्यांचा आवाज जोडून रील केलं. त्यानंतर ती वर्गात शिरली की मागच्या बाकांवरून "वा, वा, वा". बाईंना वाटायचं, पोरं कौतुक करताहेत.

आम्हाला तीन आठवडे काही पत्ता नव्हता. फोन तिच्या आईचा, पण अभ्यासासाठी म्हणून रात्री तिच्याजवळच असायचा. एका सकाळी आईनं मेसेज बघितला : आजचा निम्मा डेटा संपला. वेळ रात्री २ वाजून ५० मिनिटं. दीड जीबीतला निम्मा, बाराला नवीन दिवस सुरू झाल्यापासून. विचारलं तर आधी गप्प, मग रडायला लागली. ती रात्रभर तेच रील उघडून बघत होती. किती जणांनी पाहिलं, खाली नवीन कोण काय बोललं. मी म्हटलं, कशाला बघतेस मग? तर म्हणाली, "नाही बघितलं तर माझ्यामागं काय चाललंय ते कळणार कसं, पप्पा?"

फोनचं व्यसन म्हटलं की आपण मजा डोळ्यांसमोर आणतो. माझी पोरगी भीतीनं फोनला चिकटली होती.

मी फोन कपाटात टाकून कुलूप लावलं. चूक केली. रील बाकी सगळ्यांच्या फोनमध्ये तसंच होतं, फक्त तिलाच दिसेनासं झालं. मधल्या सुट्टीत मैत्रिणीचा फोन मागून बघायला लागली आणि आठ दिवस आमच्याशी एक शब्द नीट बोलली नाही. विट्याच्या गाडीला रोज ये-जा करणाऱ्या एका शिक्षिकेनं या अभ्यासिकेचं सुचवलं. तिथले सर निवृत्त शिक्षक आहेत, पहिल्याच भेटीत म्हणाले, "अहो, त्रास पोरांनी दिला आणि फोन हिचा काढलात. शिक्षा कुणाला झाली?" मला उत्तर देता आलं नाही.

आता जागेबद्दल. जिना चढून गेलं की दाराशीच लाकडी मांडणी आहे, बेचाळीस कप्पे, प्रत्येकावर रंगानं नंबर. कुलूप नाही. एक नंबरच्या कप्प्यात सरांचा स्वतःचा फोन, दोनमध्ये त्यांच्या मिसेसचा. आत कुणाच्याच हातात फोन नाही. न्यायला आलेल्या आईबापांनाही ठेवायला लावतात. मला पहिल्या दिवशी राग आला, डेपोतून फोन आला तर? खालच्या दुकानदाराचा नंबर दिलाय, निरोप लगेच वर येतो. संध्याकाळी ५ ते साडेआठ, महिन्याला ५०० रुपये. सातला पंधरा मिनिटं एकेकानं मोठ्यानं वाचायचं, धडा, पेपर, काहीही. वाचणारा अडला तर शब्द कुणी पुरवायचा नाही, हा तिथला नियम.

खोट सांगायची तर जिना अरुंद आणि अंधारा आहे, संडास एकच, वीज गेली की इन्व्हर्टर फक्त दिव्यांना. उन्हाळ्यात पोरं घामानं भिजतात. सायकली रस्त्यावर लावाव्या लागतात. हे सांगूनही झालंय, अजून फरक नाही.

रीलचं काम सरांनी शेजारी बसून करून घेतलं. रिपोर्ट करायच्या आधी लिंक उतरवून घेतली, तारखेसह स्क्रीनशॉट काढले, कारण रील उडालं की पुरावाही जातो. मग इन्स्टाग्रामवर त्रास दिला जातोय म्हणून रिपोर्ट. तेच कागद घेऊन मी शाळेत गेलो, मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावलं आणि रील ज्यानं टाकलं त्यानंच काढलं. तसं झालं नसतं तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार करायची तयारी होती. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा फोन नंबर चोवीस तास असतो, मूल स्वतःही लावू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मुलीनं इन्स्टाग्रामवर खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकलं होतं. ते खरं केलं तेव्हा खातं अल्पवयीनांचं झालं : अनोळखी माणसाला मेसेज टाकता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद, आणि सोळाच्या आतलं मूल पालकांच्या परवानगीशिवाय हे सैल करू शकत नाही. चांगली सोय आहे. पण चिडवणारी पोरं अनोळखी नसतात, बाकावर शेजारी बसतात. तिथं माणूसच लागतो.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं आपल्याकडं बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास अख्ख्या गावात टीव्ही आणि मोबाइल बंद. मला आधी ती पेपरात यायची हौस वाटायची. आता पटतं. एकट्या घरानं फोन बंद केला असता तर त्या घरातल्या पोराला आपण तेवढे वगळले गेलो असं वाटलं असतं. सगळ्यांचाच बंद, म्हणजे मागं राहून गेल्यासारखं काही उरत नाही. बेचाळीस कप्प्यांनी माझ्या पोरीसाठी तेच केलं. साडेतीन तास तिच्यामागं काही चालत नाही, कारण कुणाच्याच हातात काही नाही.

घरी अजून भांडणं होतात, परीक्षेनंतर तर रोज. रात्रीचा डेटा संपल्याचा मेसेज मात्र नोव्हेंबरपासून आलेला नाही.

गेल्या शनिवारी ड्युटी लवकर सुटली म्हणून सातला पोचलो. फोन कप्प्यात ठेवला आणि दाराशी उभा राहिलो. मुलगी पेपर वाचत होती. 'वाहतूक' आलं आणि अडकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माझ्याच तोंडात शब्द आला होता, सरांनी हातानं थांबवलं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. कुणी मान वर केली नाही. ती बोलली, "वाहतूक", आणि पुढची ओळ घेतली.

जूनमध्ये कप्पे आठ दिवसांत भरतात. कुणाला पाठवायचं असेल तर मे संपायच्या आत संध्याकाळी पाचला जाऊन सरांना भेटा, आणि मुलाला बरोबर न्या. मुलाशी बोलल्याशिवाय ते नाव घेत नाहीत.